तागावरची अळी आणि हिंसेचे उत्तरदायित्व

सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या परिसरात उसाच्या लागणीपूर्वी ताग पेरून, तो फुलोऱ्यावर येताच नांगराखाली गाडण्याची रीत आहे. आणि त्याच सुमारास त्या पिकावर काळसर अंगाची, नारिंगी ठिपक्यांची एक केसाळ अळी दिसू लागते. लिनिअसने १७५८ साली शास्त्राच्या दप्तरी ज्याची नोंद केली, तो शुभ्र पंखांवर तांबडे-काळे ठिपके मिरविणारा पतंग हिच्यातूनच जन्मास येतो.

तागाच्या वंशातील वनस्पती आत्मरक्षणार्थ जे विष निर्माण करतात, ते बियांत विशेष साठते आणि गुरांच्या यकृतास घातक ठरते. परंतु ही अळी पाने खाऊन व शेंगा पोखरून तेच विष देहात साठविते, आणि पुढे पतंगाचे ठळक रंग भक्षकांना त्या विषाची आगाऊ वर्दी देतात. अमेरिकेतील तिच्या सगोत्र जातीत तर नर मीलनसमयी हे विष मादीस देतो, मादी ते अंड्यांत उतरविते, आणि जाळ्यात सापडलेल्या अशा पतंगाला कोळी स्वतः धागे तोडून मोकळा करतो.

अशा जीवाला ‘उपद्रवी’ ठरविण्याचा अधिकार कोणाचा? फिर्यादीही आपण आणि मुन्सफही आपणच, अशा कज्ज्यात न्याय कसा व्हावा? सांगली जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आलेल्या जैन शेतकऱ्यांच्या धर्मशास्त्राने या पेचाचा सूक्ष्म विचार केला आहे. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद करून, मारण्याच्याच हेतूने होणारी संकल्पी हिंसा त्याने सर्वथा वर्ज्य मानली; शेतीसारख्या चरितार्थाच्या व्यवसायात घडणारी उद्योगी हिंसा अपरिहार्य म्हणून सोसली, पण तिला पुण्य मात्र म्हटले नाही.

हा विवेक मला मोलाचा वाटतो. बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा अळी पोखरू लागली, तर उपाय करणे भागच आहे. परंतु जो ताग आठवड्याभरात मातीतच जावयाचा, त्याची चार पाने कुरतडली म्हणून त्यावर औषध फवारणे हा चरितार्थ नव्हे, तो निव्वळ द्वेष होय. अळीने कोणताही करार मोडलेला नाही. ती आपल्या प्रकृतीप्रमाणे वागते. निवड करण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच. आणि नाइलाजाने करावी लागणारी हिंसा अळीचा अपराध म्हणून न मांडता आपल्याच नावे लिहिणे, हा माझ्या मते शेतकऱ्याच्या अहिंसेचा पहिला पाठ आहे.