वाचलेल्याबद्दल खरे बोलणे



मिस्सेनंतर एका तरुणाने विचारले, "फादर, मी दिलेले पुस्तक कसे वाटले?" मी म्हणालो, "छान!" खरे तर ते मी अर्धेच वाचून ठेवले होते. त्याला वाईट वाटू नये म्हणून तसे म्हणालो. पण हे प्रेम की भित्रेपणा?

१८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातील मराठी ग्रंथकारांच्या सभेला जोतीराव फुल्यांना बोलावले. फुल्यांनी पत्राने नकार कळवला. माणसांचे समान हक्क जे मनापासून मानत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमचे जुळणार नाही, असा त्याचा आशय होता. 'ज्ञानोदय'ने ते पत्र छापले.

शब्द कडक होते. पण फुले पाठीमागे बोलले नाहीत. ज्याने बोलावले त्यालाच सांगितले, आणि कारणही दिले. खोटी स्तुती करताना आपण समोरच्याला लहान मूल समजतो; खरे मत देताना बरोबरीचा मानतो. मात्र त्याआधी पुस्तक पूर्ण वाचायला हवे.

या आठवड्यात मी उरलेले पुस्तक वाचीन. मग त्या तरुणाला चहाला बोलावून आवडले ते, न पटले तेही सांगेन. पण आधी त्या "छान!"बद्दल क्षमा मागेन.

आपला,
फादर