चाकाच्या पोटातला आवाज

नेसरीच्या खिंडीपाशी आलात की गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार याच परिसरात बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. त्यांच्या स्मारकापुढे माणूस आपोआप गप्प होतो. ते गप्पपण थोडा वेळ सोबत ठेवा. आज आपल्याला एक बारीक आवाज ऐकायचा आहे.

श्वास संथ होऊ द्या. आता आठवा. गडहिंग्लजहून येताना खालून कुठून तरी घूंऽऽ असं येत होतं का? वेग वाढला की वाढणारं, कमी झाला की दबणारं? आणि आपण गाणी मोठी करून ते झाकलं का? झाकलं असेल तर मनाला दोष देऊ नका. फक्त आठवा.

आता लक्ष चाकाच्या मध्यभागी न्या. तिथे दोन पोलादी कड्या आहेत, एकीत एक. त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये माखलेल्या गोळ्या फिरतात. हेच बेअरिंग. छोट्या गाडीत चार माणसं बसली की वजन 900 किलोच्या घरात जातं. म्हणजे एकेका चाकावर सव्वादोनशे किलो. बारा इंची रिमचं चाक एका किलोमीटरात सुमारे 600 वेळा फिरतं. एवढा भार, एवढे फेरे, आणि सगळं ठीक असताना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. क्षणभर या मुक्या कष्टापाशी थांबा.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीत हेच काम आस आणि तुंबा करत. वंगण आटलं की चाक करकरायचं. गाडीवान उतरायचा, गाडीलाच टांगलेलं वंगणाचं नळकांडं काढायचा आणि चाकाला शांत करायचा. आसावरचं हे घासणं कमी करण्यासाठीच वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी 1794 साली गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेही घोडागाडीच्या आसासाठी. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत बंद बेअरिंग असतं. त्याला वरून वंगण घालता येत नाही. आपल्या हाती उरतं ते ऐकणं.

मग ऐकूया. सावकाश रस्त्याला लागा. मोकळ्या, सपाट जागी गाडी न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर बदलला तर टायरचा असू शकेल. आता चंदगडकडे जाताना वळणं येतील. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं वाढला तर उजवीकडे संशय धरा. उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडे. एका वळणावर निकाल देऊ नका. चार वळणं जाऊ द्या.

घरी आल्यावर कानाचा संशय हाताने तपासा. सपाट जमिनीवर बाकीच्या चाकांना दगड लावा. गाडी जॅकने उचला आणि खाली लोखंडी घोडी ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. हाताला खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बहुधा बेअरिंगच. नाही गेला तर बॉल जॉइंट बघा. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. गेलेलं बेअरिंग बोटांना खरखर सांगतं. कड्यांच्या गुळगुळीत वाटेवर खड्डे पडले आहेत, आपल्या रस्त्यांसारखेच.

आता बदलण्याचं काम डोळ्यांपुढे आणा. चाक जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सलचा मोठा नट सैल होतो. मग कॅलिपर सुटतो; तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. डिस्क निघते, नकल सुटतं, हब बाहेर येतं, सर्क्लिप निघते आणि जुनं बेअरिंग प्रेसखाली निघतं. नवं बसवताना एक नेम पाळा: नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवर, हब घालताना आतल्या कडीवर. चुकीच्या कडीवर दिलेला जोर गोळ्यांमधून जातो आणि कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होतं. हातोडीचा घावही तेच करतो. प्रेस नसेल तर सुटलेलं नकल घेऊन गॅरेजात जा. शेवटी नट नवा वापरा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवरच आवळा.

जुनं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. तळहातावर घ्या, फिरवा. लेकराला दवाखान्यात, आईला माहेरी, आपल्याला बाजाराला यानेच नेलं. आवाज केला तो थकल्यावरच. घरातही असं कुणी असतं, ज्याचं काम आपल्याला कधी ऐकू येत नाही. त्याचा पहिला बारीक कुरकुर-स्वर आपण ऐकला का?

 पुढच्या वेळी घूं ऐकू आला तर गाणी बंद करा आणि त्याच आठवड्यात चाक उचलून बघा.