मक्ता गेला तेव्हा

चि. ऋचास,


एसेक्स आणि रॉबर्ट सेसिल यांचं वैर म्हणजे राणीच्या मर्जीसाठी दोघांची चढाओढ, असं तू निबंधात लिहिलंस. मला ते अपुरं वाटतं. पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात मोठा माणूस एकटा नसेच. त्याने शब्द टाकावा म्हणून ताटकळणारे कितीतरी त्याच्यामागे असत. पगार तुटपुंजे, खरी कमाई पदं, जमिनी आणि मक्ते यांची. आपल्या माणसाची वर्णी लावता येते का, यावर सरदाराचं वजन ठरे.

फ्रान्सिस बेकनचंच बघ. त्याला ॲटर्नी जनरल करावं म्हणून एसेक्सने राणीकडे धोशा लावला. १५९४ मध्ये ते पद एडवर्ड कोकला मिळालं. पुढच्या वर्षी सॉलिसिटर जनरलचं पदही थॉमस फ्लेमिंगकडे गेलं. मग एसेक्सने बेकनला स्वतःची जमीन देऊन टाकली. मन मोठं होतं त्याचं, यात शंका नाही. पण राणीपाशी आपलं चालत नाही, हेही त्यातून उघड झालं. १५९६ मध्ये तो कादिझच्या मोहिमेवर असताना इकडे सेसिल राणीचा सचिव झाला. तलवार गाजवणारा दूर, आणि कागद रोज राणीपुढे ठेवणारा जवळ!

१५९९ च्या सप्टेंबरात एसेक्स आयर्लंडहून परवानगीशिवाय परतला आणि सकाळी, चिखलाने माखलेला, नॉनसच राजवाड्यात थेट राणीच्या शयनगृहात शिरला. तिचा साजशृंगारही झाला नव्हता. तरी माझ्या मते त्याला खरा बुडवला तो पुढच्या वर्षीच्या निर्णयाने. गोड मद्याच्या आयातीवरचा कर वसूल करण्याचा त्याचा दहा वर्षांचा मक्ता संपला आणि राणीने तो पुन्हा दिला नाही. कर्ज डोक्यावर, आश्रित दारात, आणि द्यायला हातात काही नाही.

८ फेब्रुवारी १६०१ रोजी तो सुमारे तीनशे माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरला. शहर त्याच्यामागे गेलं नाही. २५ तारखेला टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. खटल्यात सरकारी बाजूने उभ्या राहिलेल्यांत बेकनही होता.

मला ते आजही खुपतं. पण त्याला नुसतं कृतघ्न म्हणून मोकळी होऊ नकोस. तोही कर्जात होता, राणीच्या वकिलांपैकी होता, आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्याच हातात होती. निबंध पुन्हा लिहिशील तेव्हा सुरुवात त्याच्यापासून कर.

तुझे,
आबा