मौनं सर्वार्थसाधनम्

बँकेतल्या कारकुनाने स्पोर्ट्‌स कार घ्यावी का, हा खरा नैतिक प्रश्न. पण त्याचा निकाल आमच्या हिने केव्हाच लावलेला आहे. मला छळतो आहे तो त्याच गाडीच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न. काचेवर पाणी उडवते ना, ती टाकी.

गाडी सेकंडहँड, दोनच माणसांची. (घरात आम्ही चौघं.) घेताना आधीच्या मालकाने वायपरची दांडी ओढून दाखवली, काचेवर झकास कारंजी उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी आणि गाडीखाली तळं! गृहस्थाने मी पोचण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवली असणार. इन्स्पेक्शनच्या दिवशी आम्ही टेबलं आवरतो, तशी.

टाकी शोधण्यात एक रविवार गेला. ती बंपरच्या आत, चाकावरच्या आच्छादनामागे दडलेली. चाक काढलं, आच्छादन काढलं, टाकीला चांगली बोटभर लांबी फासली. चार दिवसांत ती खपलीसारखी निघून आली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे पॉलिथिलीन. ह्याला काही चिकटत नाही. आणि टाकी फुटलीय कुठं? पंप आत शिरतो तिथलं रबर कडक झालंय." त्या मापाचं रबर मिळेना, म्हणून जवळपासच्या मापाचं बसवलं. आता टाकी एका रात्रीऐवजी आठ दिवसांत रिकामी होते. म्हणजे गिऱ्हाईक येऊन, चहा पिऊन, गाडी घेऊन जाईपर्यंत काही कळायचं नाही.

कारण गाडी आता विकायची आहे.

बी. कॉम.ला १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ पाठ केलं होतं. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. उदाहरण : 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, 'अ' बोलत नाही. फसवणूक नाही. मात्र 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं हे 'अ'चं कर्तव्य. घोडा तोच, खोट तीच, समोर कोण उभं आहे एवढाच फरक! तेव्हा मार्कांच्या नादात ह्यातली गंमत कळली नव्हती.

गेल्या रविवारी एक मुलगा आला. नवी नोकरी, पहिलीच गाडी. इंजिन पाहिलं, टायर पाहिले, दांडी ओढली. कारंजी उडाली. मी 'अ'सारखा गप्प. मग त्याने विचारलं, "बाकी काही नाही ना, काका?"

काका म्हणाला आणि घात केला. नुसत्या 'ब'चा एकदम नात्यातला 'ब' झाला. मी टाकीचं सगळं सांगून टाकलं, रबराच्या मापासकट.

तो विचारात पडला. पुन्हा बॉनेट उघडलं, गाडीखाली वाकून अर्धा तास टॉर्च मारला. "टाकीचं एवढं सांगताय, मग इंजिनचं काय असेल!" असं पुटपुटत, "बाबांना विचारून कळवतो" म्हणून गेला तो गेलाच.

"टाकीचं विचारलं होतं का त्याने?" ही म्हणाली. "आपल्याला तरी कोणी सांगितलं होतं?"

येत्या रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. फोनवर ते मला 'साहेब' म्हणाले.