दिसत नाही ते दुखणे
सामान्य काळातील तेरावा रविवार (वर्ष ब) : मार्क ५:२१-४३



आजच्या शुभवर्तमानात संत मार्क आपल्याला दोघींची भेट घडवतो. एक याईराची बारा वर्षांची मुलगी. दुसरी बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री. मुलीचे आजारपण साऱ्या गावाला ठाऊक आहे, तिच्या दारात रडारड चालली आहे. त्या स्त्रीचे दुखणे मात्र कुणाला दिसत नाही. हातात काठी नाही, अंगावर जखम नाही. ती गर्दीत मिसळून जाते. मार्क तिच्याविषयी मुद्दाम लिहून ठेवतो की पुष्कळ वैद्य झाले, जवळचा पैसा संपला, आणि दुखणे मात्र वाढतच गेले.

हा उतारा वाचताना मला आपल्या भागातील एक भगिनी आठवते. नाव-गाव सांगत नाही, कर्जत-खालापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. वय चाळिशीचे. मान, खांदे, कंबर, मांड्या, सारे अंग ठणकायचे. सकाळी उठावे तर रात्रभर भाताची लावणी केल्यासारखे अंग आंबलेले. रात्र झोपून काढली तरी झोप झाली असे वाटत नसे. लोकलने दोन तासांचा प्रवास करून ती मुंबईला जायची आणि एक्स-रे साफ, रक्त साफ, असा कागद घेऊन परत यायची. घरात तोच कागद तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. सासूबाई म्हणाल्या, कामाचा कंटाळा, दुसरे काय!

आणि तुमचा धर्मगुरू काय म्हणाला? मी तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि म्हणालो, "ताई, हे दुखणे प्रभूच्या क्रुसाला जोडून अर्पण करा. नोव्हेना करा, श्रद्धा ठेवा." तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत का, हे मी विचारलेच नाही. गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी, असा अर्थ तिने माझ्या बोलण्यातून काढला. गोळ्यांचे पाकीट तिने आल्तारावरच्या मरियामातेच्या तसबिरीमागे ठेवून दिले. पंधरा दिवसांनी तिची मुलगी मला सांगत आली की आईला उभे राहिले की चक्कर येते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

अर्पण करणे खोटे नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखसहनावर सबंध पत्र लिहिले, आणि १९९३ पासून त्याच तारखेला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. पण रुग्णदिनाला आपण डॉक्टर-नर्सेससाठीही प्रार्थना करतो, हे मी त्या दिवशी विसरलो होतो.

त्या भगिनीच्या आजाराचे नाव फायब्रोमायाल्जिया. दुखणे खरे असते; पण सांधा झिजलेला नसतो, स्नायू फाटलेला नसतो, म्हणून फोटोत काही येत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा निरोप वाढवून सांगू लागतात. रेडिओचा आवाज कुणीतरी मोठा करून बटण तोडून टाकावे, तसे. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली, तेव्हा अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. खेड्यातली बाई कष्टाची असते, तिला असले आजार होत नाहीत, हा आपला समज आहे. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुनाट दुखणे हा स्वतंत्र आजार धरला आहे. सासूबाईंना हे कुणी सांगावे? मीच सांगितले, उशिरा का होईना.

गोळ्यांबद्दल थोडे. अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत रात्री देतात. कुणाला ड्युलॉक्सेटिन, कुणाला प्रीगॅबालिन. यांतल्या काही गोळ्या उदासीनतेच्या आजारावरही चालतात. मेडिकलवाला तसे बोलतो आणि घरी कुजबुज सुरू होते की हिला वेडाच्या गोळ्या आहेत. तसे नाही. त्याच गोळ्या दुखण्याचा निरोप कमी करतात आणि झोप सुधारतात. त्यांनी सगळ्यांना सारखाच गुण येत नाही, दुखणे मुळापासून जातही नाही. पण त्या मनाने अचानक बंद करू नयेत. कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि बाजारात मिळणाऱ्या, आत काय आहे हे न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्या कृपा करून घेऊ नका. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी काढून वाचा. औषधी देवानेच जमिनीतून उगवली असे तो म्हणतो, आणि प्रार्थनेनंतर वैद्याला जागा द्यायला सांगतो.

गोळीपेक्षाही डॉक्टर अधिक भर देतात तो नियमित चालण्यावर. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरे, मग थोडे थोडे वाढवायचे. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याची सगळी धुणी काढायची नाहीत, आणि दुखले त्या दिवशी दिवसभर अंथरूणही धरायचे नाही. झोपेची वेळ ठरलेली हवी. आपल्या बायकांना हे शेवटचे सर्वांत अवघड जाते, कारण घरातले सगळे जेवल्याशिवाय त्या आडव्या होत नाहीत. थकून मरण मागणाऱ्या एलियाला देवदूताने उपदेश केला नाही. भाकरी-पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. आजच्या शुभवर्तमानातही मुलगी उठल्यावर प्रभू काय सांगतो? हिला खायला द्या.

चर्चमध्ये ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी बसून राहावे. मागच्या बाकावरून कुणी वळून पाहू नये. आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नाही. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा साक्रामेंत नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. दीर्घ, गंभीर आजाराने खचलेल्यांनी तो मागायला संकोच करू नये.

मला राहून राहून एक गोष्ट बोचते. याईराची मुलगी अखेरच्या घटका मोजत होती, घाई होती, शिष्यही कुरकुरत होते. तरी प्रभू त्या स्त्रीसाठी थांबला आणि तिची सगळी हकिगत त्याने ऐकून घेतली. मग तिला मुलगी म्हणाला. माझी भेट एका कप चहाइतकी होती.

त्या भगिनीने तसबिरीमागचे पाकीट काढून डॉक्टरांना दाखवले. औषध पुन्हा सुरू झाले. पूर्ण बरी नाही; परवा सांगत होती, "फादर, दहातले चार दिवस बरे जातात, आधी एकही नव्हता." यंदा लावणीला ती चिखलात उतरणार नाही, बांधावर बसून रोपांच्या जुड्या मोजून देणार आहे. तिच्या पाड्यावरच्या ख्रिस्ती समूहातील दोन मुलांनी पाणी भरण्याचे काम अंगावर घेतले आहे. आणि सासूबाई तिला संध्याकाळी चालायला सोबत नेतात, देवळापर्यंत आणि परत.