लोकमित्र आणि दारोदारचे दान



धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, घरातला देव्हारा निघाला, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली. एवढे झाल्यावर पुष्कळ घरांत प्रश्न पडतो की, आता पुढे काय करायचे? वंदना येते, पंचशील पाठ आहे. पण सेवा म्हटली की आपल्याला वाटते, ते काम पैसेवाल्यांचे, पुढाऱ्यांचे, नाहीतर परदेशी संस्थांचे. आपण फक्त घेणारे! ही समजूत धम्माची नाही. ती जुन्या गावगाड्याची आहे, आणि देव्हाऱ्याबरोबर ती बाहेर गेली नाही.

म्हणून आज धम्मचारी लोकमित्र यांच्याविषयी सांगतो. हे जन्माने इंग्रज. मूळ नाव जेरेमी गूडी. त्यांचे गुरू संघरक्षित हेही इंग्रज. बाबासाहेबांना भेटलेले, आणि १९५६ च्या डिसेंबरात महापरिनिर्वाणाची बातमी आली त्या वेळी नागपुरातच असलेले. शोकाने सुन्न झालेल्या लोकांपुढे त्या दिवसांत त्यांनी सभांमागून सभा घेतल्या. पुढे ते इंग्लंडला परतले आणि १९६७ साली त्यांनी तिकडे नवा बौद्ध संघ उभारला.

त्या संघातले तरुण लोकमित्र १९७७ साली भारतात आले ते योग शिकायला, पुण्याला. वाटेत नागपूर लागले. धम्मदीक्षेला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती आणि दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटला होता. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली ही माणसे धम्म ऐकायला आसुसलेली आहेत, आणि सांगणारे थोडे, हे त्यांनी पाहिले. १९७८ साली ते पुण्यात येऊन राहिले आणि मग इथलेच झाले. इथेच त्यांनी संसार थाटला.

त्यांनी पहिल्या दिवसापासून दवाखाने काढले नाहीत, हे ध्यानात घ्या. आधी वस्त्यांमधून धम्मवर्ग घेतले, ध्यान शिकवले, शिबिरे भरवली. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला तो असा. सेवेचे काम पाठोपाठ आले, आणि त्याचे नाव ठेवले ‘बहुजन हिताय’. तथागतांनी आपल्या पहिल्या साठ शिष्यांना पुष्कळांच्या हितासाठी, सुखासाठी फिरा, आणि दोघे एका वाटेने जाऊ नका, असे सांगून पाठवले, त्या आज्ञेतले हे शब्द. पुण्याच्या दापोडीत आरोग्याचे काम सुरू झाले, बालवाड्या निघाल्या, ठिकठिकाणी मुलामुलींची वसतिगृहे झाली. धम्म आणि सेवा ही दोन खाती नव्हेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारलेच आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस व्हायचा, की समाजसेवक? नुसता स्वतःपुरता परिपूर्ण झालेला भिक्खू त्यांना धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी वाटत होता.

आता पैशाची गोष्ट, कारण शंका तिथेच निघते. ‘गोऱ्या लोकांचा पैसा, त्यांचा काही हेतू असणार,’ असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. तर तो पैसा कसा जमला ते ऐका. १९८० साली इंग्लंडमधल्या बौद्धांनी या कामासाठी एक न्यास काढला. तोच पुढे करुणा ट्रस्ट झाला. तिथले तरुण स्वयंसेवक काही आठवडे एका घरात एकत्र राहतात, ध्यान करतात आणि संध्याकाळ झाली की अनोळखी गल्लीत दारोदार फिरतात. दार ठोठावायचे, भारतातल्या आपल्या बांधवांची हकिगत सांगायची, महिन्याला थोडी रक्कम द्याल का म्हणून विचारायचे. कोणी देतो, कोणी तोंडावर दार लावतो. पुढच्या दारात तोच प्रसन्न चेहरा घेऊन उभे राहावे लागते! ज्याने हे एक संध्याकाळ केले असेल त्याला क्षांती म्हणजे काय ते पुस्तकातून शिकवायला नको.

माझ्या मते आपण शिकायचे ते इथे. आपल्या आजीपणजीने दारात उभे राहून शिळे मागितले, तेव्हा देणारा उंच आणि घेणारा खाली होता. ते वाढणे म्हणजे दान नव्हे, ती हुकूमत होती. तथागतही पात्र घेऊन दारात उभे राहत, पण त्यांच्यापुढे देणारा लहान होत नसे आणि तेही लहान होत नसत. त्या परदेशी पोरांनी आपल्यासाठी दारात उभे राहणे पत्करले. त्यांनी उपकार केला म्हणू नका. उपकाराने मान वाकते, आणि वाकायचे तर आपण सोडले आहे.

आणि माणूस परदेशी आहे म्हणून तरी बिचकायचे का? अनागारिक धम्मपाल लंकेतून आले आणि १८९१ पासून बुद्धगयेसाठी झुंजले. आपल्या वाशीमचेच पाहा. वाकाटकांच्या काळी हे वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून संघाला दिले. त्या ओवरीत कुठकुठले भिक्खू उतरले असतील, त्यांचा देश कोणी विचारला असेल?

लोकमित्रांचे मला सर्वांत मोठे वाटते ते हे की, त्यांनी काम आपल्या हाती धरून ठेवले नाही. वर्ग घेणारे, वसतिगृह सांभाळणारे, शिबिर चालवणारे आपल्याच वस्त्यांतून तयार झाले. नागपूरच्या नागलोकात तर निरनिराळ्या राज्यांतली तरुण मुले-मुली येऊन धम्माचे शिक्षण घेतात आणि आपापल्या गावी परततात.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन सोंगणीला आले की घरातली सारी मोठी माणसे शेतात असतात. लहान पोरे रस्त्यावर. विहाराला कुलूप. शिकलेली मुले पारावर. रोज दोन तास विहार उघडून या पोरांना कोणी बसवावे, सहावी-सातवीचे गणित कोणी घ्यावे, यासाठी ना परदेशी पैसा लागतो ना संस्थेची नोंदणी. चटई विहारात आहे, फळा आणता येईल. कोणत्या दिवशी कोणाच्या घरातून कोण येणार, तेवढे रविवारच्या वंदनेनंतर बसून ठरवू या.