हात वर करण्याआधी

यंदाच्या २६ जानेवारीला मी आमच्या गावच्या ग्रामसभेत हात वर केला. जेमतेम पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांबद्दल मी अजून विचार करतोय.

गाव बीड जिल्ह्यातलं. मी राहतो पुण्यात, पण मतदारयादीत नाव गावातच आहे, म्हणजे कायद्याने मी ग्रामसभेचा सदस्य. सुट्टी होती म्हणून गेलो होतो. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून काय करायचं, हा विषय निघाला. कामं दोन होती: चावडीसमोर पेव्हर ब्लॉक किंवा वस्तीच्या रस्त्यावर मुरूम. चावडीसमोरची धूळ मला दिसत होती. सगळ्यांसोबत माझाही हात वर गेला. वस्तीच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतंच. तिथली बहुतेक घरं तेव्हा ऊसतोडीला गेली होती.

जूनमध्ये पुन्हा गेलो. पाऊस पडून गेला होता. वस्तीवरच्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "लेकरा, तुझाबी हात वर होता म्हणं. आमच्या वस्तीवर कधी आला व्हतास का रं?"

नव्हतो गेलो.

आपण बेकायदा काहीच केलं नाही. मग हे चुकीचं का वाटतंय? पहिलं उत्तर सोपं होतं: जो गावात राहत नाही, त्याने गावच्या पैशांवर मत देऊ नये. पण हाच नियम लावला, तर वर्षातले चार-सहा महिने कारखान्यांच्या हद्दीत कोपी टाकून राहणाऱ्यांचं काय? तेही गावात नसतातच. मी माझ्या सोयीने बाहेर आहे, ते पोटासाठी. नियमाला हा फरक कळत नाही. मला घालवायला निघालेला नियम आधी त्यांनाच घालवेल.

मग वाटलं, दोष बहुमताचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात मतदान न घेता सर्वसहमतीने निर्णय घेतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. मोठी गोष्ट आहे. पण आमच्या सभेतही विरोध कुणाचाच नव्हता! जो हजरच नाही, त्याचं मौन सहमतीत मोजलं जाण्याची भीती तिथेही राहतेच.

हिवरे बाजारचा विचार केल्यावर मला थोडं उमगलं. नगर जिल्ह्यातल्या या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे ग्रामसभा ठरवते. तिथे हात वर करणारा स्वतःच्या रानातलं पीक सोडत असतो. निर्णय ज्याचा, झळही त्याला. माझ्या हाताची झळ मला बसलीच नाही. मी पुण्याला परतलो, चिखल मावशींच्या वाट्याला आला.

म्हणून मला वाटतं, मताचा अधिकार सगळ्यांना सारखा असला, तरी मत देण्याआधीची जबाबदारी सारखी नसते. ज्याला निर्णयाची झळ कमी, त्याने आधी जास्त ऐकायला हवं. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गणपूर्तीचा नियमही आहे: १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. पण त्या शंभरात कोण नाही, हे नियम विचारत नाही. ते आपणच विचारायचं.

१५ ऑगस्टच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, वस्त्यांच्या कामांचा निर्णय १ मेच्या ग्रामसभेत घेऊ. तोवर टोळ्या परतलेल्या असतात. एक काका हसून म्हणाले, "तू तरी असशील का मे महिन्यात?" ठराव झाला नाही. "पुढं बघू," एवढंच ठरलं.

काकांचा प्रश्न बरोबर होता. १ मेची रजा मी टाकून ठेवली आहे. या वेळी आधी वस्तीवर जाईन, मग चावडीवर.